परशराम सरांची परवानगी

परशराम सर पुण्याला मुलाकडे वारल्याचं कळलं, त्या दिवशी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्यांचे फोटो एकापुढे एक जोडून व्हिडिओ टाकला. फोटोंच्या मागे बासरी वाजत होती. सगळ्यांनी खाली हात जोडले, मीही जोडले. पण खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, या बासरीवाल्याला कुणी विचारलंय का? माणूस जाऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि मी त्याच्याच आवाजात विचार करायला लागले होते.

"कुणाला विचारलंय व्हय?" हा सरांचा प्रश्न. मुलं त्यांना पाठीमागे 'विचारलंय सर' म्हणत. बेळगावच्या एकाच हायस्कुलात आम्ही बरीच वर्षं काढली. ते मराठी शिकवायचे, मी इतिहास. स्नेहसंमेलनाच्या तालमीत मुलींनी मोबाईलवर गाणं लावलं की सर दारात हजर. चाल कुणाची? शब्द कुणाचे? आवाज मुद्रित केला तो कुणी? हे तिघे वेगवेगळे असतात आणि तिघांनाही पोट असतं, असं ते सांगायचे. मुली बिचाऱ्या माझ्याकडे बघायच्या. मग सर आपणच खुलासा करायचे, की शाळेच्या मुलांनी मुलांसमोर नि पालकांसमोर केलं तर कायद्यानं चालतं, बाहेरची मंडळी तिकीट काढून आली की मात्र विषय बदलतो.

"चालतं तर मग मुलींचा जीव कशाला खाल्लात?" मी एकदा चिडून म्हटलं.

"चालतं हे ठाऊक असाय नको व्हय बाई?" असं म्हणून ते तासाला निघून गेले.

मंचावर सर छापील मराठी बोलत. खाली उतरले की राहत्या हिंडलग्याची बोली. दोन्हींत त्यांना अवघडल्यासारखं होत नसे. शेजाऱ्यांच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं आणि शेजाऱ्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं, की सर, झाड तुमचंच समजा. तरी हे सकाळी सकाळी बेल वाजवून विचारणार, चार पानं घेऊ का? शेवटी शेजारीणबाईंनी त्यांच्या बायकोला विनवलं, की वहिनी, त्यांना चोरून न्यायला सांगा, आमची झोप मोडते. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या संगीताला कायद्यात सूट आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बेळगावजवळच्या मच्छे गावात एका माजी विद्यार्थ्याच्या वरातीत ते ही माहिती मला देत देत बँजो पार्टीच्या पुढे गेले आणि चक्क नाचले. सूट आहे म्हटल्यावर ती पुरेपूर वापरायची.

निवृत्तीनंतर त्यांनी 'घरातली गाणी' नावाचं व्याख्यान बसवलं. सर बोलायचे आणि मध्ये मध्ये मी पेटीवर गायची. मराठी भावगीतं, दोन कानडी गाणी, एक-दोन जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे असा सगळा बेत. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, गडहिंग्लज, जिथून बोलावणं येईल तिथं आम्ही जायचो. प्रत्येक गाण्याची परवानगी सर आधी काढायचे. मुंबईच्या कंपन्यांना ई-मेल करायचे, उत्तर नाही आलं की फोन करायचे, फोनवर वाजणाऱ्या संगीताला कंटाळून पुन्हा ई-मेल करायचे. आयोजक म्हणत, सर, इतकं कोण बघतंय? सर म्हणत, मी बघतोय की. परवानगी आली नाही तर गाणं गाळायचे आणि मला म्हणायचे, बाई, आज हे न्हाय, पेटी जरा जास्त वाजवा.

पण कागदावरच्या परवानगीनं त्यांचं समाधान होत नसे. चाल बांधणारा माणूस हयात असेल तर त्याच्या घरी जायचं, नारळ नि पानसुपारी पुढे ठेवायची आणि तोंडानं विचारायचं, हा त्यांचा रिवाज. मुलगी मागायला जातात तसं. एकदा आम्ही असेच धारवाडला गेलो. चाल बांधणारे गृहस्थ नव्वदीला टेकलेले, कान मंद. सरांनी आपल्या हेंगाड्या कानडीत सगळं सांगितलं. त्यांना काही केल्या ते गाणं आठवेना. शेवटी सरांनी मला म्हणायला लावलं. म्हातारबुवा डोळे मिटून ऐकत राहिले आणि संपल्यावर सुनेला हाका मारून म्हणाले, अगं, ये गं, बघ मी काय केलं होतं! मग लहान मुलासारखे खुदखुदून हसले. हक्क तर त्यांनी कधीच कंपनीला विकलेले होते आणि कंपनीची परवानगी सरांच्या खिशात होती. येताना मी म्हटलं, मग एवढी धावपळ कशाला केली? सर म्हणाले, "कंपनीला कुठं आनंद व्हतोय बाई?"

असा माणूस. म्हणून तर पुढे जे घडलं ते मला अजून सहन होत नाही.

सरांना कठोर व्हायलाही यायचं. बेळगावात एकांकिका स्पर्धा होती, सर परीक्षक. खानापूरकडच्या एका गावातल्या मंडळींनी एकांकिका आणली होती. बसवली होती भरमू नावाच्या शिंप्यानं. पोरांचे कपडे त्यानं स्वतः शिवलेले, आणि नाटक चांगलं होतं. पण त्यात एक धून वाजली, ती कुठल्याशा अल्बममधून उचललेली. बक्षीस समारंभात सरांनी माईकवरून भरमूला उभं केलं आणि विचारलं, ही धून कुणाची? भरमू म्हणाला, "पारंपरिक हाय सर. नेटवर तसं लिवलंय." सर म्हणाले, "पारंपरिक म्हणजे बेवारस नव्हे. कुणाचं ते शोधायचा कंटाळा आला, की आपण पारंपरिक म्हणतो." सभागृह हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या, त्यातली एक माझी. भरमू मान खाली घालून बसला. त्यानंतर त्याची मंडळी स्पर्धेला दिसली नाहीत.

आणि आमच्या व्याख्यानाचं शेवटचं गाणं होतं पारंपरिक.

तो एक पाळणा होता. सरांच्या घरातला, पिरनवाडीच्या त्यांच्या मूळ घरातला. सर लहानपणापासून ऐकत आलेले.

निज निज रं बाळा, ऊन आलं दारात,
आई येती रानातनं, शेंगा तिच्या पदरात.

चाल साधी, पण दुसऱ्या ओळीत एका ठिकाणी ती अशी वळायची, की माझ्यासारख्या शिकून गाणारीला तो वळसा पहिले कितीतरी दिवस सापडला नव्हता. सरांनी या गाण्याचा शोध घेतला होता, नाही असं नाही. ग्रंथालयं पाहिली, प्राध्यापकांना विचारलं, कंपन्यांच्या याद्या पाहिल्या. कुठेच नाही. तेव्हा ते लोकांचं, असं ठरलं. व्याख्यानाच्या शेवटी ते म्हणायचे, "इतर पाळण्यांत चांदोबा येतो, इथे ऊन येतं. हा कष्ट करणाऱ्यांचा पाळणा आहे. आणि आजच्या कार्यक्रमातलं हे एकच गाणं असं, की ज्याला मालक नाही. याची परवानगी कुणाकडेच मागावी लागत नाही. ते आपल्या सगळ्यांचं आहे." मग मी गायची. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं.

निपाणीच्या वाचनालयानं बोलावलं तेव्हा सर फार खुशीत होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, निपाणीला दिलेली, आणि तिनं त्यांचं व्याख्यान कधी ऐकलेलं नव्हतं. आधी यजमानांचं आजारपण, मग ते गेले, मग गुडघे. त्या दिवशी सून आक्कांना रिक्षातून घेऊन आली आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. आक्का अंगानं बारीक, नऊवारी, डोळे सरांसारखेच. कार्यक्रम रंगला. शेवटचं गाणं सुरू झालं तशा आक्का जरा पुढे झुकल्या. मला वाटलं, बाईंना माहेर आठवलं. मी आणखी जीव ओतून गायले. आज त्या जीव ओतण्याचीच मला जास्त लाज वाटते.

जेवण आक्कांच्या घरी होतं. पुढच्या खोलीपर्यंत तंबाखूचा वास, आत चुलीवरच्या भाकरी. सर ताटावर बसले. आक्का पाय लांब करून भिंतीला टेकल्या.

"लई बरं बोललास परशा," आक्का म्हणाल्या. "समदी गप बसून ऐकत हुती."

सर लाजले. त्यांना लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"ते श्येवटचं गाणं कुणाचं म्हणालास?"

"पारंपरिक, आक्का. कुणा एकाचं न्हवं. आपल्या आईचं, तिच्या आईचं."

"आईला कुठं गाता येत हुतं रं? आई दिसभर रानात. तू माझ्या कडंवर."

"तू म्हणायचीस ते ठाव हाय की मला. पर तू शिकलीस कुणाकडनं?"

"कुणाकडनं शिकतोय? मीच केलं ते."

सर हसले. आक्का हसल्या नाहीत, तसं सरांचं हसू हळूहळू गेलं.

"तुला सांभाळायला चौथीतनं काढली मला," आक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कालच्या भाजीबद्दल बोलावं तसं सांगत होत्या. "तुला घिऊन शाळंच्या खिडकीखाली बसायची. आत बाई कविता म्हणायच्या. मला आत कोण घेतंय? मग भाईर बसून माझी मी चाल लावायची. दुपारच्याला तू लई रडायचास. आई सांजंला यायची."

ऊन आलं दारात. सर इतकी वर्षं ते ऊन लोकांना समजावून सांगत होते. दुपारी त्या घरात बाळाजवळ कोण होतं, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं.

सरांनी घास ताटात ठेवला. "आक्का, मला ठाऊक न्हवतं गं. चुकलं माझं. आता तरी विचारतो. ते गाणं म्हणायची परवानगी दे."

"न्हाय देत."

सून हसली. तिला वाटलं बहीणभावांची थट्टा चाललीय. सरांनाही तसंच वाटलं असावं.

"आगं आक्का, पुढच्या वक्ताला तुझं नाव घिऊन सांगतो की सगळ्यास्नी."

"समद्या गावाला इचारत हिंडतोस म्हनं. नारळ घिऊन धारवाडला जाऊन आलास, आत्ताच सांगितलंस त्या माणसांस्नी. मला कधी काय इचारलंयस रं तू? पिरनवाडीच्या रानाची हक्कसोड घ्यायला आलास, तवा साडी आणलीस आणि हितं सही कर म्हणून बोट दावलंस. मी केली. शाळा सोडली, रान सोडलं. ह्ये एक न्हाय सोडत."

सून भाकरी घेऊन आली ती तशीच आत गेली. सर ताटाकडे बघत म्हणाले, "बरं." एवढंच.

आमच्याकडे बहिणी सही करतात. साडीचोळी होते, जेवण होतं, बहीण सही करते आणि भाऊ गाडीत बसवून देतो. ह्यात विचारण्यासारखं काही असतं, असं कुणाला वाटत नाही. माझ्या घरातही तसंच झालंय. माझ्या नणंदांनी सह्या केल्या तेव्हा पुरणपोळ्या मी लाटल्या होत्या. त्या रात्री परतताना गाडीत मला हे आठवायला लागलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. संकेश्वर मागे पडल्यावर सर म्हणाले, "लई लाज वाटायलीया बाई." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

मला वाटलं, आता ते गाणं गाळतील आणि दुसरं घेतील. गाळलं. पण पुढच्या व्याख्यानात त्या जागी पोचल्यावर सर म्हणाले, "इथे एक पाळणा होता. मी तो पारंपरिक म्हणून गेली काही वर्षं ऐकवत होतो. तो माझ्या थोरल्या बहिणीनं केलेला आहे. मी तिला विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर तिनं नाही म्हटलं." लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. सर हसू ओसरेपर्यंत थांबले आणि नमस्कार करून खाली बसले. पुढे प्रत्येक ठिकाणी हेच. आयोजक मला बाजूला घेऊन म्हणायचे, बाई, शेवट पडतो हो, ते बहिणीचं काढायला सांगा. मी सांगून पाहिलं. सर म्हणाले, "इतकी वर्षं टाळ्या घेतल्या न्हवं तिच्या गाण्यावर? आता हसू द्यात." त्यांच्या शेजारी पेटीवर हात ठेवून बसणं मला नको नको व्हायचं. हळूहळू बोलावणी कमी झाली.

खानापूरच्या कार्यक्रमाच्या आधी ते मला भरमूच्या दुकानात घेऊन गेले. गिऱ्हाईकं होती. भरमूनं ओळखलं आणि मशीन थांबवून उठला, "बसा की सर, च्या सांगतो." सर बसले नाहीत. गिऱ्हाइकांसमोर उभ्यानं म्हणाले, तुला मी लोकांत बोललो होतो, म्हणून लोकांतच सांगायला आलोय. मीही तेच केलं, तुझ्यापेक्षा वाईट केलं. भरमू इतका ओशाळला, की हातातली टेप गळ्यात घालायची की टेबलावर ठेवायची हे त्याला कळेना. तो नुसता "ऱ्हाऊ द्यात की सर, ऱ्हाऊ द्यात" म्हणत राहिला.

पिरनवाडीच्या रानाचे तोवर प्लॉट पडले होते. राहिलेल्यांपैकी एक सरांनी आक्कांच्या नावावर केला. घरात बरंच वाजलं म्हणतात. मुलगा कितीतरी दिवस बोलत नव्हता. आक्का सुनेला घेऊन कचेरीत आल्या, सह्या झाल्या. बाहेर पायरीवर सरांनी पुन्हा विचारलं. हे त्यांनीच मला सांगितलं, लपवलं नाही.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, जमीन माझी हुती, ती आली. तिचा आणि गाण्याचा काय संबंध?" मग तेच म्हणाले, "बरोबर बोलली."

मला आक्कांचा राग आला होता. म्हातारपणी सरांनी किती झिजवायचं स्वतःला? मी तसं म्हटलं. सरांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पण गाणं काही थांबलं नव्हतं. निपाणीच्या कार्यक्रमात कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं होतं आणि नेटवर टाकलं होतं, 'पारंपरिक पाळणा' असं नाव देऊन, माझ्या आवाजात. सरांनी त्या माणसाला शोधून काढलं, त्यानं बिचाऱ्यानं काढूनही टाकलं. पण तोवर ते हजार मोबाईलमधून फिरलं होतं. मच्छ्याला एका बारशाला आम्ही दोघं जेवत होतो. बाळाला पाळण्यात घातलं आणि स्पीकरवर माझाच आवाज सुरू झाला. बायका माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. यजमानीण म्हणाली, बाई, आमच्याकडे आता हेच लावतात सगळे! सरांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि कुणाला न सांगता रस्त्याला लागले. मी चप्पल शोधून बाहेर येईपर्यंत ते कोपऱ्यावर पोचले होते. त्यांना हाक मारायचं मला धाडस झालं नाही.

पुण्याला जाण्याआधी त्यांना मी हिंडलग्याच्या घरी भेटले, ती शेवटची भेट. दुपार होती. मुलगा आणि सून सामान बांधत होते, आणि सर व्हरांड्यात नातीला खांद्यावर घेऊन फिरत होते. पोरीला दात येत होते, ती किंचाळत होती. मी फाटकातून आत शिरले तेव्हा सर गुणगुणत होते. पहिले दोन सूर आले आणि मी ओळखलं. मला बघून ते थांबले. नाही, मला बघून नव्हे. ते आधीच थांबले होते.

"म्हणा की सर," मी म्हटलं. "घरात नातीला म्हणायला कुणाचं लायसन लागत नाही. तुम्हीच तर सांगायचा."

"कायद्याला लागत न्हाय बाई." त्यांनी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "परवा निपाणीला जाऊन आलो. पुण्याला चाललोय म्हणून सांगायला. आक्काला म्हटलं, मंचावर न्हाय म्हणत, निदान नातीला म्हणू दे."

"मग?"

"विचार करून सांगती म्हणाली."

ते पुन्हा फेऱ्या घालायला लागले. रस्त्याकडे बोट करून नातीला सांगत होते, ही बघ बस, ती बघ म्हैस, त्यो बघ सायकलवाला. पोरगी काही ऐकत नव्हती. तिचा आवाज चिरकत चालला होता. सून आतून दोनदा येऊन बघून गेली.

मला ते गाणं येत होतं, त्या वळशासकट. मी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत गप्प बसून राहिले.